वगळलेला बोगदा

दोन हजार पाच-सहा साल असेल. लेकीला शाळेतून पिरॅमिडचं मॉडेल करायला सांगितलं होतं. ते केलं मी. इमारतींचे नकाशे काढून पोट भरणारा माणूस. पुठ्ठा आणि कटर दिसला की मला स्फुरण चढतं. इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल आठवडाभर अडवून मी मधोमध कापलेला पिरॅमिड उभा केला. खाली उतरणारी वाट, वर चढणारी अरुंद वाट, उंच दालन, राजाची खोली आणि तिच्या डोक्यावर भार झेलणारे पाच पोकळ कप्पे.

पुण्याहून आलेल्या आईला मी ऐटीत समजावत होतो. तिनं तरुणपणी बांधकामावर घमेली उचललेली. "राजाला आत ठेवल्यावर वरून दगड घसरवून ही वाट आतूनच बंद केली," मी म्हणालो.

"आतून? मग बंद करणारे बाहेर कसे आले?"

लेक इथल्या शाळेतल्या इंग्रजी बोलीत खिदळली. "टनेल आहे लाह, आजी! पप्पा नेव्हर पुट!"

खरं होतं. एक वेडावाकडा, जेमतेम सरपटता येईल असा बोगदा खाली जातो. कामगार बहुधा त्यातूनच सुटले. माझ्या रेखीव कामाची शोभा जाते म्हणून मी तो गाळला होता. तसं सांगितलंही, हसत हसत.

आई हसली नाही. "तुझ्या बाबांच्या टाकीलाही एकच तोंड होतं," ती म्हणाली.

"कुठली टाकी?" बाबा काविळीनं गेले, एवढंच मला ठाऊक. त्यापायी नोव्हेनाच्या हॉस्पिटलातले डॉक्टर दरवर्षी माझं लिव्हर तपासत होते!

"कावीळ कसली! जमिनीखालच्या टाकीचा स्लॅब भरला होता, त्याला खालून टेकू दिलेल्या फळ्या काढायला आत उतरले. आत हवाच नव्हती, एकाच तोंडातून खेळणार कशी? मी वर उभी होते."

मी सुन्न झालो. मग संताप आला. माझ्या बापाचं मरण माझ्यापासून लपवायचा हिला काय अधिकार? "का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच.

"तू सारखा घरं काढत बसायचास. सांगितलं असतं तर पेन्सिल टाकली असतीस."

मी खुर्चीत बसलो.

"तूही टाक्या काढतोस ना?" तिनं विचारलं. "किती तोंडं ठेवतोस?"

"दोन," मी म्हणालो. गेल्याच महिन्यात तांजोंग पगारच्या माझ्या ऑफिसात मी सही केलेल्या नकाशातल्या टाकीला एकच तोंड होतं.