न पुरवलेलं वाक्य

आधी माफी मागते. मी चौथी शिकलेली. अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि कुठली वेलांटी कुठे द्यायची ते मला अजून कळत नाही. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण वही कधी कुणाच्या हाती लागलीच, तर आधी सांगितलेलं बरं.

याच अक्षरात मी आमच्या गावच्या नाटकाची वही उतरवली होती. जुनी वही वाळवीनं खाल्ली होती. आमचं गाव देऊळगाव राजाच्या बाजूला. जयंतीला आमच्या वस्तीतले लोक वर्षानुवर्षं एकच नाटक करतात. एका सेनापतीला वाटेत एक जोगी भेटतो आणि सांगतो, तू राजा होशील. तोवर सुखानं भाकर खाणारा माणूस त्या दिवसापासून तळमळायला लागतो. बायको त्याला टोचत राहते. एके रात्री तो आपल्याच भरवशाच्या राजाला बारवेत ढकलतो आणि मुकुट घालतो. पण मग त्याला पाणी पिता येत नाही. पेल्यात बुडालेल्या राजाचं तोंड दिसतं. तहानेनंच मरतो.

सेनापती म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. तीस वर्षं ते काम दुसऱ्या कुणी केलं नाही. माझा नवरा राजा व्हायचा. दर वर्षी पहिल्याच अंकात बारवेत पडायचा आणि मागं येऊन चहा पीत बसायचा. सेनापतीच्या बायकोचं काम गावातला किराणावाला करायचा, मिशी काढून.

मी पडद्यामागून वाक्यं पुरवायचे. मला चार माणसांत बोलायला होत नाही. आबांसमोर तर मी डोक्यावरचा पदर सावरून उभी राहायची, तोंडातून शब्द निघायचा नाही. पण पडद्यामागं माझा आवाज बरोबर त्यांच्या कानापर्यंत जायचा, पुढं बसलेल्या माणसांना ऐकू जायचा नाही. वय झाल्यावर आबा अडखळायला लागले. ते जिथं जिथं अडायचे तिथं मी वहीत माझ्या कपाळाची टिकली चिकटवून ठेवायची. टिकली दिसली की श्वास घेऊन तयार राहायचं.

मग देऊळगावच्या बसस्टँडवर एक पोपटवाला भेटला. आम्ही बौद्ध, आमच्या घरात हात दाखवणं, पोपटाकडून चिठ्ठी काढणं काही नाही. मी नुसतीच बसची वाट पाहत होते. तरी दहा रुपये दिले. पोपटानं मुकुटवाल्या राजाची चिठ्ठी काढली. पोपटवाला म्हणाला, ''बाई, तुमच्या घरात मुकुट येणार.'' मी हसले आणि बसमध्ये चढले. पण घरी पोचेपर्यंत हसू राहिलं नव्हतं.

त्यानंतर मी नवऱ्याच्या मागं लागले. ''तुमचा आवाज आबांपेक्षा खडा हाय. तुमी काऊन दर वर्षी मरता?''

''मले चहा लवकर भेटते ना,'' तो म्हणायचा.

''हसा. लोक बी हसूनच राह्यले.''

त्यानं हसणं बंद केलं. मला तेच हवं होतं.

त्या वर्षी बीबी गावच्या लोकांनी आमचं नाटक बोलावलं. परगावात पहिल्यांदाच. ठरवून काही गेले नव्हते. नाही, इथं खोटं कशाला लिहू. टेम्पोत वही मांडीवर घेऊन बसले, तेव्हाच ते मनात आलं होतं.

शेवटचा अंक. आबा हातात पेला घेऊन उभे. ''पाणी,'' म्हणाले आणि थांबले. वहीत तिथं लाल टिकली होती. पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी श्वास घेतला आणि तोंड मिटून घेतलं.

''पाणी,'' आबा परत म्हणाले. मान जराशी पडद्याकडं झुकली.

''पाणी.''

''अरे द्या ना बे बुढ्याले पाणी!'' मागून कुणीतरी ओरडलं. मैदान हसलं. पाण्याची एक पिशवी येऊन आबांच्या पायाशी फुटली. त्यांनी पेला खाली ठेवला आणि आत आले. माझ्याजवळून गेले, पण माझ्याकडं पाहिलं नाही. आपला उजवा कान चोळत होते.

ते कान चोळणं मला तेव्हा कळलं नाही. आठ दिवसांनी कळलं. आबांनी दोन शेळ्या विकल्या आणि जालन्याला जाऊन कानाची मशीन आणली. माझा आवाज आला नाही याचा अर्थ त्यांनी एकच लावला, की आपले कान गेले. माझ्यावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनात आलंच नाही.

नाटक त्यांनी सोडून दिलं. काम माझ्या नवऱ्याला मिळालं. पुठ्ठ्याचा मुकुट सोनेरी कागद लावायला आमच्या घरी आला आणि पेटीवर ठेवला. पोपटवाल्याचं खरं झालं होतं. पण मला घरात थारा नव्हता. कापूस वेचताना दुसरीच्या ओळीत शिरायची, भाजीत दोनदा मीठ टाकायची. मुकुटाकडं पाठ करून बसावं तर पाठीला तो दिसायचा.

तालमीला आबा यायचे, लांब बसायचे. मशीनला कंटाळले होते. ''स्वतःचंच चहा पिणं दणदण वाजते,'' म्हणायचे. एक दिवस त्यांनी नवऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं, ''तुह्या बायकोवर भरोसा ठेव. ती कधी चुकत नाही. माह्ये कानच दगा देऊन गेले.''

मी वही तिथंच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले. आबा ओट्यावर बसले होते, मशीन काढून बाजूला डबीत ठेवलेली. समोर जायचा धीर झाला नाही. मी मागच्या दारानं आत शिरले, ओट्याच्या दाराआड उभी राहिले आणि पडद्यामागं बोलायची त्याच आवाजात, श्वासावरच, म्हणाले, ''पाणी कसं पिऊ, यात त्याचं तोंड आहे.''

आबा जागीच ताठ झाले. हात डबीकडं गेला आणि थांबला. ''हे बीबीचं वाक्य हाय,'' ते म्हणाले.

''हो आबा.''

''मले आता आयकू आलं. मशीन तं डबीत हाय.''

''त्या दिवशी मी बोललेच नाही. मुद्दाम.''

शेळी बांधायचा रिकामा खुंटा समोर होता, आबा त्याच्याकडं पाहत राहिले.

''काऊन?''

''आमच्या घरात मुकुट यावा म्हणून.''

''पुठ्ठ्याचा?'' आबा म्हणाले. मग म्हणाले, ''दुकानवाला मशीन परत घेत नाही.''

''पैसे मी देते. माफ करा आबा.''

''माफी नाटकात असते, सूनबाई. तू पैसे दे. अन् वही इथं आणून ठेव. पैसे फिटेपर्यंत ती तुह्या हातात नको.''

नवऱ्याला मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मुकुट पिशवीत घालून आबांकडं नेऊन दिला. त्या जयंतीला आबा परत सेनापती झाले आणि माझा नवरा परत बारवेत पडला. वाक्यं किराणावाल्याचा भाऊ पुरवत होता, एवढ्या मोठ्यानं की लोक आधी त्याचं ऐकून हसायचे, मग आबांचं. मी बायांमध्ये बसले होते. टिकलीची जागा आली की माझे ओठ आपोआप हलायचे.

दोन हंगाम मी वेचणीला गेले. सोयाबीनच्या सोंगणीला उंद्री गावापर्यंत गेले. दर बाजाराच्या दिवशी आबांच्या ओट्यावर पैसे ठेवायची. ते न मोजताच उचलून बंडीच्या खिशात टाकायचे.

परवा शेवटचे पाचशे ठेवले. आबांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर नोटा मोजल्या, बोटाला थुंकी लावून, दोनदा. आत फळीवर माझी वही दिसत होती. टिकल्यांमुळं तिची पानं फुगली होती. ती मागायला माझी जीभ उचलली नाही, आणि आबांनीही दिली नाही. नोटा खिशात घालून ते एवढंच म्हणाले, ''फिटले सारे.''