रक्तपेढीतला कॉम्प्युटर कधीपासून चालू होता

रक्तपेढीतल्या ताई रक्तदात्यांशी अशा गप्पा मारायच्या, की सुई कधी टोचली ते कळायचंही नाही. त्यांना चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

एका सकाळी अचानक वीज गेली. रक्ताच्या पिशव्यांचा फ्रिज जनरेटरवर चालू राहिला, पण त्यावर नजर ठेवणारा कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. फ्रिज तापू लागला तर भोंगा वाजवायचं काम त्याचं. वीज आल्यावर तो सुरू होतोय तोच मोठे डॉक्टर आत आले.

"हा तर आत्ता सुरू झालाय! म्हणजे बंद पडून होता. किती दिवस, कुणास ठाऊक! मधे फ्रिज तापला असेल तर? सगळ्या पिशव्या टाकून द्या."

ताईंच्या डोक्यात तिडीकच गेली. "टाकून द्या? लोकांनी हात पुढे करून दिलंय ते रक्त! काल तर चालू होता हा. आत्ता वीज गेली म्हणून बंद पडला."

"पुरावा दाखवा."

ताईंनी नणंदेला फोन लावला. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

"वहिनी, कॉम्प्युटर किती वेळ चालू आहे म्हणून स्क्रीनवर दिसतं, तो वेळ आत्ता वीज आल्यापासूनचा. आधीचा हवा तर सिस्टिमच्या नोंदी उघडा. याआधी तो कधी सुरू झाला आणि वीज जाताना शेवटची नोंद कधीची, ते बघा. तेवढा वेळ तो चालू होता."

"आणि मधेच कुणी बंद केला असेल तर?"

"तर तशी नोंद असेल. वीज गेली की मात्र बिचारा न सांगताच जातो आणि उठल्यावर तक्रार करतो."

नोंदी स्पष्ट होत्या. गेल्या महिन्यात दुरुस्तीवाला येऊन गेल्यापासून कॉम्प्युटर अखंड चालू होता. त्यानंतर थेट आजची नोंद: अनपेक्षितपणे बंद. मधे भोंगा एकदाही वाजला नव्हता.

"पण मग वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या बॅटरीनं का नाही सांभाळलं त्याला?" ताई टेबलाखाली वाकल्या. बॅटरी जागेवर नव्हतीच.

डॉक्टर घुटमळले. "ती मी केबिनमधल्या टीव्हीला लावलीय. क्रिकेटच्या मॅचेस चालू आहेत ना."

"टीव्हीला?" ताईंचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "बॅटरी तुम्ही उचलायची आणि रक्त आम्ही गटारात ओतायचं? लाज नाही वाटत?"

डॉक्टरांनी मुकाट्यानं बॅटरी परत आणून दिली. माफीचा शब्द नाही. पिशव्या मात्र वाचल्या.

दुपारी अपघातातल्या एका ड्रायव्हरला त्यातलंच रक्त चढवलं. त्याची बायको हात जोडून उभी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "काळजी नको, आमच्याकडे साठा कायम तयार असतो."

ताईंनी ते ऐकलं आणि दार असं आपटलं, की काच हादरली.