हळू आवाजातलं गाऱ्हाणं

माझा आवाज बारीक आहे, असं साठीला येईपर्यंत माझं प्रामाणिक मत होतं.

बायकोचं मत वेगळं होतं. (ते बहुतेक बाबतींत वेगळंच असतं.) तिचं म्हणणं, तुम्ही मालवणकडची माणसं कानातली गोष्टसुद्धा खाडीपलीकडच्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगता. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत मी फोनवर बोलायला लागलो की समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्या लावून घेतात. मला वाटायचं, डास येतात म्हणून.

तर आमच्या सायलीने एक दिवस जेवताना जाहीर केलं, "लग्न करीन तर संकेत कांबळेशीच!" मुलगा तिच्याच ऑफिसातला, सोन्यासारखा. कांबळे कुटुंब बौद्ध, मूळचं परभणीकडचं, आता घाटकोपरला. वडील हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. आमची काहीच हरकत नव्हती. अडलं होतं ते कांबळे सरांपाशी. आमच्याकडे ते एकदा येऊन गेले. मी गोड बोललो, बायको गोड बोलली, शिरा तर गोड होताच. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना फक्त "बघू" म्हणाले.

"बघू म्हणजे काय गं?" मी सायलीला विचारलं.

"ते घाबरतात, बाबा. त्यांच्या पुतण्याचं लग्न असंच ठरलं होतं. मुलीकडचे समोर सगळे गोड, आणि पाठीमागे जातीवरून काय काय बोलले ते नंतर कळलं. ते म्हणतात, तोंडावर कोणीही चांगलंच बोलतं."

पोरीचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. आता आपण पाठीमागे काय बोलतो हे एखाद्याला समोर कसं दाखवायचं? विचार करकरून मी तोडगा काढला. माणूस सोफ्यावर आखडून बसतो, रानात मोकळा होतो. सगळ्यांनी मिळून नॅशनल पार्कात जायचं, कान्हेरीच्या लेण्यांखालच्या घळीतून नदीच्या काठाकाठाने चालायचं, झाडाखाली डबे सोडायचे!

"पार्क मला तळहातासारखं पाठ आहे. रोज जातो मी!"

"रोज गेटापासून ताकवालीपर्यंत जाता," बायको म्हणाली. "आणि एक सांगून ठेवते. तिथे नारळबिरळ काढायचा नाही. देव-देवस्की त्यांच्यात नसते. आपलं आपल्यापाशी ठेवा."

बायकोने दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आमच्यात कुठल्याही मोठ्या कामाआधी त्या जागेच्या राखणदारासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. म्हणजे मनात असेल-नसेल ते सगळं देवाला मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. गाऱ्हाण्यात आडपडदा चालत नाही. देवाशी कसलं राजकारण?

रविवारी सकाळी पार्काच्या गेटवर बायकोने माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"हे फुगलंय काय?"

"पाण्याची बाटली."

"शेंडीवाली?"

तेवढ्यात कांबळे मंडळी आली, म्हणून वाचलो.

पावसाळा नुकताच सरला होता. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधून खळखळणारं पाणी, वर कोरलेली लेणी. सर खुलले! कुठल्या लेण्यात भिक्षू राहत, पाण्याची टाकी कशी कोरली, ते सांगायला लागले आणि थांबेचनात. मी मान डोलावत होतो, कारण मध्ये बोलायला फट मिळत नव्हती.

"इथं बिबट्या असतो म्हणे?" संकेतच्या आईने विचारलं.

"छे हो! दिवसा झोपलेला असतो!" मी हळूच धीर दिला.

"आता उठला असेल," बायको म्हणाली.

इथवर सगळं झकास होतं. पण मला शॉर्टकट आठवला. (जिथे आपण कधी गेलेलोच नाही तिथला शॉर्टकट कसा आठवतो, हे विचारू नका.) "पायवाट कशाला? पाण्यातल्या दगडांवरून पटकन पलीकडे निघू!" दुसऱ्याच दगडावर संकेतच्या आईच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांना सावरायला संकेत वळला, त्याला जागा द्यायला सर मागे सरले, आणि मी "सांभाळा!" असं इतक्या जोरात ओरडलो की सर दचकून थेट कमरेपर्यंत पाण्यात गेले.

संकेतने हात देऊन त्यांना वर काढलं. हेडमास्तर भिजलेले असताना काय बोलायचं?

"बाबा, वाट लावलीत ना!" सायली माझ्या कानाशी म्हणाली.

मंडळी वरच्या लेण्याच्या ओट्यावर उन्हात सरांची पँट वाळवायला गेली. (सर पँटीतच होते.) "डबे घेऊन येतो" म्हणून मी खाली राहिलो. आता माणसांच्या हातात काही उरलं नव्हतं. एका मोठ्या कातळाच्या आडोशाला नारळ ठेवला, हात जोडले आणि अगदी हळू आवाजात सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या माज्या चेडवाचा लगीन जुळू दे."

उत्तर द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, "व्हय महाराजा!"

"पोरगो सोन्यासारखो आसा. चेडू माजा तापट आसा, ता तेंका लग्नाआधी कळू नये असा कर. व्हय महाराजा! त्याची आवस गरीब गाय. बापूस मास्तर, बोलूक लागलो की थांबना नाय, तेका वायच कमी बोलूची बुद्धी दे. पण माणूस खरो आसा रे! माज्या पोरीक असो सासरो खंय गावतलो? व्हय महाराजा!"

मग भावाची आठवण झाली, आणि ती झाली की माझा आवाज बहुधा चढतो.

"माज्या भावान इचारल्यान, जात बघलंस काय? मी सांगलंय, लग्नाक येवचा तर ये, नाय तर घरात बस. माज्या जावयाक कोणी उणा बोल्लो तर माजो उंबरो तेका बंद! मी चुकलंय, तेंका पाण्यात पाडलंय, पण तेचो राग पोरांवर काढू नको रे म्हाराजा!"

आणि वरून भारदस्त आवाज आला, "व्हय!"

जन्मभर गाऱ्हाणी घातली, पण देवाने उलट उत्तर दिलं नव्हतं! मी वर पाहिलं. ओट्याच्या कडेवरून पाच डोकी खाली वाकली होती. घळीने माझा शब्द न् शब्द वर पोचवला होता. बायकोने कपाळावर हात मारला होता. सायली रडत होती आणि हसतही होती.

"महाराजा-बिहाराजा आमच्यात नाही, परबसाहेब," कांबळे सर म्हणाले. "पण व्हय! तोंडावर तर सगळेच गोड बोलतात. तुम्ही पाठीमागं काय बोलता ते ऐकायचं होतं. ऐकलं! आणि मी इथं वर बसलेलो असताना मागणं दगडाकडं कशाला?"

डोळे पुसून खाली पाहतो तो नारळ गायब! समोरच्या फांदीवर एक माकड तो शेंडीला धरून निरखत होतं.

लग्न घाटकोपरच्या हॉलमध्ये झालं. भाऊसुद्धा आला. दोन शब्द बोलायला हॉलवाल्याने मला माईक दिला, तर सरांनी तो अलगद काढून घेतला. "यांना लागत नाही," म्हणाले, आणि स्वतः सुरू झाले. लग्न, समता, शिक्षण, मग कान्हेरीची लेणी. पुऱ्या थंड व्हायला लागल्या. मी बायकोच्या कानाला लागून अगदी, अगदी हळू विचारलं, "हे कधी संपवणार गं?"

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला.

"झालंच, महाराजा!" स्टेजवरून उत्तर आलं.