मंदार चावी देत नाही

किस्से साठतात कसे, हे मला आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कळलं. सोमवारी सकाळी आम्ही चौघं, म्हणजे मंदार, ऋता, सागर आणि मी, खिडकीजवळच्या टेबलावर चहा घेऊन बसलो, की शनिवारच्या क्लबची उजळणी सुरू होते. आजवर जमलेले सगळे किस्से मंदारचे आहेत. माझा एकही नाही, कारण मी पीत नाही. मी बाकीच्यांना गाडीतून घरी सोडतो, आणि सुखरूप घरी पोचलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं.

*

मंदार सदाशिव पेठेतला. एकदा क्लबमधून तर्र होऊन स्वतःच गाडी चालवत घरी गेला, गाडी लावली, तिसऱ्या मजल्यावर चढून बेल वाजवली. दार उघडलं अनोळखी काकांनी. इमारत शेजारची होती. काकांनी गॅलरीतून वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "घर चुकलंय तुमचं. गाडी मात्र आमच्या जागेत अगदी सरळ लावलीत. आमच्या चिरंजीवांना जमत नाही."

ऋता हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली. मीही हसलो, पण आतून नुसता जळफळाट होत होता.

*

मग मीही एकदा प्रयत्न केला. सागर माझ्या गाडीत ओकला होता, तेही नव्या सीटकव्हरवर. मी रंगवून सांगायला घेतलं. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक मारला, सागरचा तोल गेला...

"मग?" ऋतानं विचारलं.

"मग काय, घरी पोचलो."

"अच्छा," असं म्हणून तिनं खुर्ची मंदारकडे वळवली.

*

एका शनिवारी नाकाबंदी लागली. पुढच्या गाडीत मंदार होता. त्यानं घाईघाईनं मूठभर बडीशेप तोंडात कोंबली.

"जेवण झालं का?" हवालदारांनी शांतपणे विचारलं.

"नाही."

"मग बडीशेप कशावर?"

बाकीचं मशिननं सांगितलं. गाडी जमा झाली. मंदारचे वडील न्यायला आले ते स्कूटरवरून, दोन हेल्मेट घेऊन. "बसा," ते पोराला म्हणाले, "गाडी पोलिसांकडे सुखरूप आहे. आज आम्हाला झोप लागेल."

या प्रकाराची लाज वाटायला हवी की नको? पण सोमवारी ऑफिसात त्याचा सत्कार व्हायचाच बाकी होता. त्याच नाक्यावर मीही मशिनमध्ये फुंकर मारली होती. शून्य आलं. हवालदारांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तुम्ही क्लबात जाता कशाला?"

उत्तर माझ्या शेजारच्या सीटवर बसलं होतं आणि मागच्या सागरकडे वळून फिदीफिदी हसत होतं.

*

क्लबच्या दारातच चाव्या माझ्याकडे द्यायच्या, असा आमचा नियम. सागर बाइकची चावी देतो. मंदार देत नाही.

ऋताच्या वाढदिवसाला मी गाडी धुऊन घेतली होती, तिच्या आवडीची गाणी लावून ठेवली होती. निघताना मंदारला नीट उभंही राहता येत नव्हतं.

"काऊन रे, चावी दे ना," मी म्हणालो. मी वर्ध्याचा. चिडलो की 'का'च्या जागी 'काऊन' येतंच.

"काऊन देऊ?" त्यानं माझी नक्कल केली आणि सगळे हसले.

ऋताचा एक पाय माझ्या गाडीत होता. तो तिनं बाहेर काढला. "सॉरी निखिल, तुझ्या गाडीत मला झोप येते रे," म्हणाली आणि मंदारच्या शेजारी जाऊन बसली.

त्या गाडीचे मागचे लाल दिवे बघताना मला वाटलं, हा एकदा आपटावा. फार नाही, बंपरपुरता.

*

आपटला. त्या रात्री नाही, पुढे काही आठवड्यांनी, ऋताला वाघोलीला सोडून एकटा परतताना. उजव्या पायात रॉड घालावा लागला.

हॉस्पिटलमध्येही दरबार भरलेलाच. "डिव्हायडर एकदम समोर आला हो," तो सिस्टरना सांगत होता आणि त्याही हसत होत्या. कोपऱ्यातून त्याचे वडील म्हणाले, "तो बरीच वर्षं तिथेच आहे."

ऋता रोज मुगाची खिचडी करून न्यायची. आणि तिला न्यायचो मी. अखेर ती रोज माझ्या शेजारी बसायला लागली, मांडीवर डबा धरून. सिग्नलला थांबलो की म्हणायची, "चल ना लवकर, गार होईल." मला त्या मोडक्या पायाचासुद्धा हेवा वाटला.

*

मंदार कुबड्या घेऊन पुन्हा कामावर येणार होता, त्या सोमवारी मी त्याला घ्यायला पेठेत गेलो. पाय लांब करायला जागा हवी म्हणून तो पुढे, माझ्या शेजारी बसला. ऋता आणि सागर मागे.

"बोल मंद्या, नवीन काय?" सागरनं विचारलं. मंदारचं लक्ष रस्त्यावर होतं.

कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली. मी ब्रेक दाबला. शेजारी मंदारनंही रॉडचा पाय खालच्या मॅटवर दाबला आणि कण्हला. त्या बाजूला ब्रेक नव्हता. पुढे बस दिसली, पुन्हा तेच. एक आजोबा रस्ता ओलांडत होते, पुन्हा तेच. दाबायचा आणि कण्हायचा. सागर हसायला लागला आणि मध्येच थांबला.

मागून ऋताचा हात पुढे आला आणि मंदारच्या खांद्यावर बसला. मी आरशात तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या पायाकडे बघत होती. पाय मॅटवर दाबलेलाच होता.

"निखिल," मंदार म्हणाला, "सावकाश घे ना रे."

सिग्नल लाल होता. गाडी उभी होती.