विळीची नवी बैठक

विळी डिशवॉशरमध्ये घालतं का कोणी? आमच्या मुलाने घातली. त्याला मी बोल लावत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी आधी हॉस्पिटलात आणि मग रिहॅबमध्ये होते. आई घरी यायच्या आत स्वयंपाकघर लखलखीत करावं असं त्याच्या मनात आलं, आणि कुकर, कढया, परात यांच्यासोबत माझी विळीही आत गेली. वरचा ट्रे काढून बसवली म्हणे. इंजिनिअर आहे ना! लोखंडी पातं तांबडंलाल होऊन बाहेर आलं आणि पाटाला उभी चीर गेली.

"आई, सॉरी," तो म्हणाला. "पण तसंही तुला आता खाली बसायचं नाही. मस्त सुरी आणू. नाहीतर चॉपर."

खाली बसायचं नाही हे खरंच. फिजिओने मला दोनदा बजावलं आणि मुलाला चारदा. पण मला सुरीने चिरता येत नाही. हसाल तुम्ही, पण जन्मभर माझं पातं जागच्या जागी उभं आणि भाजी माझ्या दोन्ही हातांत. सुरीचं सगळंच उलटं. तरी प्रयत्न केला. माझे बटाटे बघून नात म्हणाली, "आजी, इज धिस मॉडर्न आर्ट?"

आमच्या सिडनीतल्या कॅसल हिलच्या घरात मुलगा आणि सून दोघंही सकाळी मेट्रोने जातात ते संध्याकाळीच येतात. भाजी निवडून, चिरून, नारळ खवून तयार ठेवणं हे माझं काम. आता सून दमून आल्यावर चिरायची आणि मी डायनिंग टेबलाशी बसून बघायची. काम गेलं की घरातलं माणूस पाहुणं होतं. हे मी बोलले नाही, पण सुनेला कळलं असावं.

एका शनिवारी ती म्हणाली, "आई, रविवारच्या मार्केटात एक जपानी गृहस्थ सुऱ्यांना धार लावतात. त्यांना दाखवू या?"

"अगं, ते मोठमोठ्या शेफ लोकांच्या सुऱ्या करतात," मुलगा म्हणाला. "हे बघून पळून जातील."

"पळाले तर तू पकडून आण," सून म्हणाली. "घातली कोणी डिशवॉशरमध्ये?"

तो विळी गुंडाळायला जुना टॉवेल शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी आणि सून मार्केटात गेलो. धार लावणारा माणूस साठीचा असेल, काडीसारखा सडपातळ. बुटक्या स्टुलावर बसून, पुढ्यात ओला दगड घेऊन सुरी घासत होता. आवाज असा एकसारखा, जणू कोणी ताक घुसळतंय. सून बोलकी, तिने पाच मिनिटांत त्यांची माहिती काढली. जपानात मामाच्या भट्टीवर ते सुऱ्या घडवायला शिकले, मग इथल्या जपानी हॉटेलांच्या सुऱ्यांची देखभाल करायला म्हणून सिडनीला आले आणि राहिले. मुठीसुद्धा स्वतःच करतात, लाकूड तासून.

मी विळी त्यांच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं. त्यांनी ती उचलली, उलटसुलट केली, खवणीच्या दात्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हाऊ?"

सून सांगू लागली. ते ऐकेनात. "शो मी."

शेजारच्या स्टॉलवरून काकडी आणली. मला खाली बसता येईना, म्हणून सून जीन्समध्ये तिथेच फतकल मारून बसली. आता ती बिचारी सुरीच्या राज्यातली. काकडी एका हाताने धरून ती पात्यावर खाली दाबायला लागली. मी खुर्चीवरून ओरडले, "अगं, दोन्ही हातांनी धर! भाजी विळीकडे न्यायची. विळी काही तुझ्याकडे येत नाही!"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. बोट सांभाळ."

ते गृहस्थ खळखळून हसले. सुनेला उठवून स्वतः बसले, पाट पायाखाली दाबला आणि काकडी पात्यावर सरकवली. पहिली चकती वेडीवाकडी, चौथी पाचवी बरी आली. मग थांबून आपल्या दगडाकडे बोट दाखवलं. "सेम," म्हणाले. त्यांचंही तसंच की. दगड जागेवर आणि सुरी हलते.

पातं जगेल, पाट मेला, असा त्यांनी निकाल दिला. मुलाने सुचवून ठेवलं होतं की विळी टेबलाला क्लॅम्प लावून बसवावी. सुनेने ते सांगितलं तर त्यांनी मान हलवली. तिथे सगळा जोर मनगटावर येणार, अंगाचा भार कसा देणार? तेव्हा मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. त्या कोकणातल्या. त्यांच्याकडे लाकडी घोडी होती, पुढच्या टोकाला खवणी. तिच्यावर बसून त्या नारळ खवायच्या. मी पाकिटामागे चित्र काढलं. माझं चित्र म्हणजे बकरी की घोडी कळेना, पण त्यांना कळलं. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, बसवलं, परत उठवलं आणि कुठल्या उंचीवर मी 'आई गं' म्हणत नाही ते बघून ठेवलं.

एक विनंती मी केली. म्हटलं, पातं तुमच्या सुऱ्यांसारखं चमकवून द्या. सुनेने इंग्रजी केलं.

"नो," ते म्हणाले.

मला जरा रागच आला. पण त्यांनी गंज थोडा पुसून पातं तिरकं धरलं. काळ्या लोखंडावर बारीक बारीक खळगे होते. हातोडीचे. मी लग्नापासून ती विळी वापरतेय, मला कधी दिसले नव्हते. चमकवायचं तर हे घासून जाणार. त्यांनी विचारलं, कोणी केली? आता काय सांगू? आईने बाजारातल्या लोहाराकडून घेतली होती, एवढंच माहीत. त्यांच्याकडे सुरीवर करणाऱ्याचं नाव कोरतात म्हणे. इथे नाव नाही, म्हणून ह्या खुणा ठेवायच्या. मी म्हटलं, ठेवा.

विळी तयार झाल्याचा फोन आला तेव्हा मुलगाही बरोबर आला. घोडी कापराच्या झाडाच्या लाकडाची. जवळ गेलं की देवघराचा वास. एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून. पातं काळंच होतं, फक्त धारेची कड पांढरी. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. आठवणीने टेबलावर फडकं पसरून त्यावर ठेवली.

मुलाने विचारलं, "डिशवॉशर?"

ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. सून हसून हसून दुसरीकडे वळली.

घरी आल्यावर घोडी खिडकीपाशी ठेवली. मनात धाकधूक होतीच. ऑपरेशनचा गुडघा भार घेईल का, आणि नाही घेतला तर मग पुढे काय? मी बसले. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले. पहिली भेंडी पात्यावर नेली, जरा जास्तच जपून. धार अशी की भेंडीला कळलंसुद्धा नसेल. दुसरी, तिसरी, मग हात आपोआप चालायला लागला.

मुलगा समोर उभा. "आई, दुखतंय का? दहा मिनिटंच बस हं आज."

"दुखलं की सांगेन," मी म्हटलं. "तू तिथे उभा राहू नकोस. त्या बाकीच्या भेंड्या पुसून दे. ओल्या चिरल्या की तार सुटते."

त्याने फडकं घेतलं आणि पुसायला बसला.