पिशवी उसवली त्याची गोष्ट

त्या मालिकेनं आमच्या घरात जेवढी भांडणं लावली, तेवढी सगळ्या भावकीनं मिळूनही कधी लावली नसतील. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की लागायची. पाठीवर सॅक टाकून एकटीच जग बघायला निघालेली एक पोरगी. वाटेत ओळख झालेली एक बाई तिच्या हातात पुडकं देते, माझ्या बहिणीला एवढं पोचव म्हणते. परदेशातल्या विमानतळावर ते पुडकं फोडतात आणि आत अमली पदार्थ निघतात. मग तुरुंग, परकी भाषा, कोर्टात उभी आहे पण कोण काय बोलतंय पत्ता नाही, आणि इकडं आई देवासमोर हात जोडून. महिनाभर एवढंच चाललं होतं आणि आमच्या गल्लीत एकाही घरात त्या वेळेला भाकरी थापली जात नव्हती.

नेमका त्याच दिवसांत माझा व्हिसा आला. मी नर्स. बेळगावातल्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते, आणि आखातातल्या एका मोठ्या दवाखान्यात मला नोकरी लागली होती. येळ्ळूरच्या वाटेवरचं आमचं गाव. गावातली पोरं तिकडं गेली होती, एसी दुरुस्तीला, गाड्या चालवायला. पोरगी एकटी कुणी गेली नव्हती. पण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचंच कौतुक होतं. सकाळी शेतात आणि दिवसा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत राबणारा माणूस. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. 'नम्म मगळु, नर्स,' असं माझ्याकडं बोट करून त्याला कानडीत दोनदा सांगितलं. आपली लेक म्हणताना आवाज असा चढवला की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं.

आणि या मालिकेनं त्या माणसाचं डोकं फिरवलं.

एका संध्याकाळी त्या पोरीला तुरुंगात दुसरी एक कैदी मारते असं दाखवलं. शेजारची काकू आमच्याकडंच बघायला बसायची. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "एकटीनं जायाचं नडलं बघा तिला. बाईमाणसाला कशाला पायजे असलं हिंडणं." आईनं मान हलवली. मालिकेतला काकासुद्धा तेवढ्यात तेच म्हणाला, मी सांगत होतो जाऊ नको म्हणून. मला असा संताप आला, की मी टीव्हीलाच म्हणाले, "तू गप बस रे थेरड्या." काकू हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "तू जायाचं न्हाय."

मला वाटलं थट्टा करतात. "कुठं?"

"तिकडं. न्हाय म्हणून कळवून टाक त्यास्नी. हितं काय वाईट हाय? बेळगावात दवाखाने कमी हायत व्हय?"

आठवडाभरात मला निघायची तारीख कळवायची होती. इंग्रजीच्या परीक्षेसाठी रात्रपाळ्या करून अभ्यास केला होता मी. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा सुटले. आणि आता एका खोट्या पोरीला खोट्या तुरुंगात टाकलं म्हणून मी खरी घरात बसायची? कुठला न्याय हा? मी भांडले. आवाज चढवून भांडले, काकू उठून गेली तरी थांबले नाही. आई म्हणाली, हळू बोल, लोक ऐकतील. मी म्हणाले, ऐकू देत की, मालिका संपली आता, त्यांना तरी काय काम आहे.

दुसऱ्या दिवशी डोकं जरा थंड झाल्यावर मी आप्पांना गाठलं. परड्यात म्हशीला वैरण टाकत होते.

"आप्पा, त्या पोरीची चूक काय झाली सांगा बघू."

"एकटी गेली."

"एकटी गेली म्हणून पकडली न्हाय तिला. पुडकं घेतलं म्हणून पकडली. त्या बाईनं गोड बोलून हातात दिलं आणि हिला न्हाय म्हणता आलं न्हाय. घरात शिकवलंय कुणी तिला न्हाय म्हणायला? मला तरी शिकवलंय का तुम्ही?"

आप्पा वैरण टाकायचे थांबले. कारण मी काय म्हणते ते त्यांना बरोबर कळलं होतं. आमच्या भागात माणूस बाहेरगावी निघाला ही बातमी फुटली की घरात पिशव्या यायला लागतात. पुण्याला निघालेल्याकडं पुण्याच्या, आखातात निघालेल्याकडं आखाताच्या. चटणी, कुंदा, लोणचं, शेंगदाण्याच्या पोळ्या, कुणाच्या जावयाला, कुणाच्या पोराला. पिशवी मांजरपाटाची, तोंड सुईदोऱ्यानं पक्कं शिवलेलं. शिवलेली पिशवी उघडायची नाही आणि आत काय आहे ते विचारायचं नाही. विचारलं तर माणसावर विश्वास नाही असं होतं. माझा एक चुलतभाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा त्याची स्वतःची चादर घरी राहिली आणि दुसऱ्यांच्या चटण्या विमानात बसून गेल्या. गंमत म्हणजे मी जाऊ नये असं जे सांगत होते, त्यांच्यातल्याच दोघी-तिघींनी आईला आधीच विचारून ठेवलं होतं, पिशवी कधी आणून देऊ म्हणून.

आप्पा म्हणाले, "आपल्या माणसाला तू न्हाय म्हणशील?"

"म्हणीन."

"तोंडावर?"

"तोंडावर. न्हायतर माझ्यासमोर उघडून दाखवायची, मगच बॅगेत."

"बघू," ते म्हणाले. "जमलं तर जा. न्हाय जमलं तर हितंच ऱ्हायाचं, परत भांडायचं न्हाय."

मी हो म्हणाले. गल्लीतल्या बायकांशी दोन हात करायला मी केव्हाही तयार होते. पण आधी कोण येणार हे मला कुठं माहीत होतं?

आली ती आत्ती. आप्पांची थोरली बहीण, निपाणीला दिलेली. आज्जी लवकर गेली, तेव्हा आप्पांना अंगाखांद्यावर वाढवलं ते हिनं. आमच्या घरात आप्पांचा शब्द शेवटचा, पण आत्ती आली की आप्पांना शब्दच नसायचा. तिचा एकुलता एक मुलगा, माझा दादा, मी जाणार होते त्याच शहरात एसीचं काम करतो. दुपारची गाडी धरून, बेळगावात गाडी बदलून ती आली. काखेत पिशवी. मांजरपाटाची, कडेकडेनं बारीक टाक्यांनी शिवलेली, वर दादाचं नाव मार्करनं. पिशवी तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि गालावरून हात फिरवला.

"माझ्या लेकराला तेवढं पोचव गं बाळ. सण गेला, त्याच्या तोंडात घरचं काय पडलं न्हाय."

आप्पा सोप्यात बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. खरं सांगते, त्या घडीला वाटलं की ठेवून घ्यावी, पुढचं पुढं बघता येईल. आणि मग वाटलं, अशीच ठेवून घेतली होती त्या मालिकेतल्या पोरीनंही.

"आत्ती, आत काय हाय?"

"खायाचं हाय. आणि काय असणार?"

"उघडून बघूया."

ती आधी हसली. मग मी आईला कात्री मागितली तेव्हा तिचं हसू गेलं. "शिवून आणलीय गं मी. रातभर बसून शिवलीय. माझ्यावर विश्वास न्हाय तुझा?"

"तुझ्यावर लई हाय. पण विमानतळावरच्या पोलिसाला तुझी वळख न्हाय."

"ह्याला मी न्हाऊमाखू घातलंय," आत्ती आप्पांकडं हात करून म्हणाली, "आणि ह्याची पोरगी माझी झडती घेणार व्हय? बोल की रं, तोंडात काय मीठ धरलंयस?"

आप्पा जमिनीवरची काडी मोडत बसले. आई कात्री घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. मग मीच उठले, तिच्या हातातनं कात्री घेतली आणि आत्तीच्या देखत टाके कापले. बारीक टाके होते, एकेक कापावा लागला.

आत एक कुंद्याचा डबा, एक चकलीचा, एक अनारशांचा. आणि तळाला प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेली पांढुरकी बारीक खसखस. अनारशांच्या पाठीवरही तीच, दाट.

तिकडं काम करणाऱ्या एका ओळखीच्या सिस्टरनं मला फोनवर बजावून सांगितलं होतं, काय वाटेल ते आण पण खसखस आणू नको, इकडं ती अमली पदार्थात धरतात, लोक तुरुंगात गेलेत. मी ते आत्तीला सांगितलं.

"खसखस?" ती म्हणाली. "अगं मसाल्यात घालतो आपण. बाळंतिणीला खीर करून घालतो."

"अफूच्याच बोंडातली असते ती, आत्ती."

तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "म्हंजे मी अफू पाठवतो व्हय माझ्या लेकाला?" मग जणू भांडण जिंकायचं म्हणून म्हणाली, "गेल्या साली त्यो सोता घेऊन गेलता की. कोण बी धरलं न्हाय."

धरलं असतं तर दादा आज तुरुंगात असता, हे तिला कळायला जरा वेळ लागला. ती खाली बसली, परत उठली. पदर खोचला. मला म्हणाली, "तुझं पाऊल माझ्या दारात पडू देऊ नको." आणि पिशवी तिथंच टाकून बाहेर पडली. आप्पा तिच्या मागं चप्पल न घालताच धावले, तिला गाडीत बसवायला.

ते परत आले तेव्हा मालिकेची वेळ झाली होती आणि टीव्ही कुणी लावला नव्हता. मी चुलीपाशी बसून रडत होते, रागानं म्हणा की कशानं. मला खात्री होती की आता काही माझं जाणं होत नाही. बहीण तुटली होती त्यांची माझ्यापायी. आप्पांनी अनारशांचा डबा उघडला, एक खाल्ला, एक माझ्या हातात दिला.

"खा. टाकून कशाला द्यायचे," ते म्हणाले. मग बराच वेळ चावत बसले. "तिकडं थंडी असती का गं? स्वेटर लागंल का?"

मी गेले. बाकीच्या पिशव्या आल्या त्या सगळ्या सोप्यात उघडल्या, मालकिणीच्या समोर. दोघी रागावून आपली पिशवी परत घेऊन गेल्या. काकू गल्लीत म्हणाली, लई शिकली की असं होतंय. होऊ दे की. विमानतळावर माझी बॅग उघडली तेव्हा आतली एकूण एक वस्तू मी न बघता सांगितली, आणि त्या अधिकाऱ्यानं मान हलवून पुढं जा म्हटलं.

वर्षानं सुट्टीवर आले. आत्ती भेटायला आली नाही. आप्पा म्हणाले, तू जाऊ नको, दारातनं परत लावंल. मी म्हणाले, लावू दे, पण जाणार. निपाणीची गाडी धरून गेले.

आत्तीनं दार उघडलं, आत ये असं म्हणाली नाही आणि नको असंही म्हणाली नाही. मी आपली आत गेले. तिनं चहा टाकला, ताटलीत अनारसे आणून ठेवले. माफी मी मागितली नाही. मागण्यासारखं मी काही केलंच नव्हतं. तिनंही मागितली नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "त्या मालिकेतली पोरगी सुटली का गं शेवटी?"

"सुटली की. तिचा बा गेलता आणायला."

"आणि मग?"

"मग काय, लगीन लावून दिलं."

"म्हंजे परत आतच टाकली म्हण."

आत्तीनं माझ्याकडं रोखून बघितलं आणि तिला हसू फुटलं, आवरता आवरेना. मी अनारसा उचलला. पाठीवर खसखस नव्हती, तीळ होते. चव निराळीच होती, आणि खरं सांगायचं तर बरी नव्हती. मी दोन खाल्ले.

निघताना ती आतून पिशवी घेऊन आली. मांजरपाटाची, दादाचं नाव घातलेली. तोंड उघडंच होतं आणि कडेला सुई टोचून ठेवलेली, तिला पांढरा दोरा ओवलेला.

"बघ आणि शीव," ती म्हणाली.

मी खाली बसले आणि तिच्यासमोर एकेक डबा उघडून बघितला. एकही सोडला नाही.