पोळ्या कोण करतं?

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी निघताना बायकोने इरकल साडी नेसायचा हट्ट धरला. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेल्याला दोन वर्षं होत आली होती. निऱ्या मीच घालत असे.

"अगं, जरा आजारी दिसायला हवंस."

"म्हणून गबाळं जायचं? अहो, डॉक्टर काय म्हणतील?"

मला नेमकी त्याचीच काळजी होती. डॉक्टरांनी चाळीस टक्के अपंगत्व लिहिलं, तरच दरमहा थोडी सरकारी मदत मिळणार होती. तेवढ्या पैशांत सकाळची एक बाई ठेवता आली असती आणि मला कुठेतरी हिशेब लिहायला जाता आलं असतं. मी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. निवृत्ती माझी, इच्छा कारखान्याची.

पुण्यात तेव्हा जागतिक दर्जाच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांत पाहुण्यांसाठी वेगळी लिफ्ट असे. अपंगांची तपासणी सरकारी रुग्णालयात पहिल्या मजल्यावर होती. जिन्याने.

टेबलामागे तीन डॉक्टर होते. मधल्यांनी विचारलं, "बाई, घरातलं काय काय जमतं?"

"सगळं करते की."

"स्वयंपाक?"

"मीच करते."

"पोळ्या?"

"पोळ्यासुद्धा."

तिचा उजवा हात पदराखाली होता, मी ठेवला होता तसाच. नवरा पोळ्या लाटतो हे परक्यांपुढे कबूल करण्यापेक्षा मदत गेलेली तिला परवडली असती. डॉक्टरांचं पेन कागदाला टेकलं.

"पोळ्या मी करतो," मी म्हणालो. "स्वयंपाक, तिची आंघोळ, वेणीसुद्धा. दोन वर्षं."

ती माझ्याकडे बघेना.

"खरं का, बाई?"

तिने डाव्या हाताने पदर सारखा केला. "करतात. पण कणीक मी सांगेन तशी भिजवतात."

एक डॉक्टर हसले. मधल्यांनी न हसता तिला उजव्या हाताने पेन धरायला सांगितलं. ते मांडीवर पडलं. त्यांनी स्वतः उठून ते उचललं आणि कारकुनाला साठ टक्के लिहायला सांगितले.

स्वारगेटपाशी रिक्षात तिने पदर पुन्हा सारखा केला. मग म्हणाली, "पोळ्यांचं ठीक आहे. वेणीचं सांगायची काय गरज होती?"

आता मदत मिळणार होती, बाई येणार होती. माफी मागण्यासारखं मी काहीच केलं नव्हतं. तरी मागितली.